निवृत्ती नोकरीतून, हालचालीतून नव्हे

सेवानिवृत्तीचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळते आणि दुसऱ्या दिवसापासून अनेक घरांत एक खुर्ची ठरून जाते. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी झोप, संध्याकाळी टीव्ही. ‘आयुष्यभर राबलो, आता विश्रांती’ ही भावना समजण्यासारखी आहे. परंतु न वापरलेला स्नायू झिजतो, आणि साठीनंतर ही झीज अधिक वेगाने होते. मग जिना नकोसा वाटतो, तोल जातो, आणि एका साध्या पडण्याने खुब्याचे हाड मोडून माणूस अंथरुणाला खिळतो.

लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. याला इतरही कारणे असू शकतील. पण हालचाल हृदयाला हितकारक आहे, हे पुढच्या अनेक अभ्यासांनी दाखवून दिले.

लोणंदकरांना तर उदाहरण दारातच दिसते. दरवर्षी माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्याकडे मुक्कामाला येते आणि पुढे तरडगावची वाट धरते. दिंड्यांमध्ये साठी-सत्तरीची कितीतरी जोडपी असतात. यांना एवढे चालणे झेपते कसे? त्यांतील बहुतेकांचे वर्षभर शेतात, रानात पाय चालतच असतात, हे त्याचे साधे उत्तर. वर्षभर बसून राहायचे आणि वारीला एकदम मैलोन् मैल चालायचे, हे मात्र धोक्याचे.

मग निवृत्त जोडप्याचा दिवस कसा असावा?

सकाळी अंथरुणातून झटक्यात उठू नये. कुशीवर वळावे, मिनिटभर काठावर बसावे, मग उभे राहावे. एकदम उठल्याने रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना.

त्यानंतर दोघांनी मिळून अर्धा तास फिरावे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. म्हणजे पाच दिवस रोज ३० मिनिटे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. सवय नसेल तर दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. कांद्याच्या हंगामात ट्रक-ट्रॅक्टरची वर्दळ असलेले रस्ते टाळावेत.

नुसते चालणे मात्र पुरेसे नाही. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हवा. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, हा सर्वांत सोपा. ओट्याला धरून एका पायावर उभे राहण्याचा सरावही करावा; त्याने तोल सुधारतो.

जेवणात भाकरीबरोबर मटकी, हरभरा, डाळ, ताक किंवा चालत असल्यास अंडे असावे. स्नायूंना प्रथिने लागतात. लोणचे-पापड बेताने खावेत. दिवसाचे एकूण मीठ चमचाभरापेक्षा कमीच हवे. वय वाढले की तहान कमी जाणवते, म्हणून आठवणीने पाणी प्यावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास पाणी व प्रथिने किती घ्यावीत, हे डॉक्टरांना विचारावे.

आता घरधन्यांना एक प्रश्न. आपण निवृत्त झालात, पण घरातली माउली कधी निवृत्त झाली? ‘ती दिवसभर कामच करते, तिला कसला व्यायाम?’ असे सर्रास म्हटले जाते. घरकामात हालचाल होते, हे खरे. पण त्यातला बराच वेळ एका जागी उभे राहण्यात किंवा वाकण्यात जातो. सलग, मोकळे चालणे होत नाही. शिवाय पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात. खुब्याचे हाड मोडण्याचा धोका म्हणूनच त्यांना अधिक. तेव्हा पाणी भरणे, भाजी निवडणे, अंथरुणे काढणे ही कामे यजमानांनी उचलावीत. त्यांची हालचाल होईल आणि तिला फिरायला वेळ मिळेल. एकाच कृतीत दोघांना औषध!

काही पथ्ये पाळावीत. हृदयविकार, मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. मधुमेहींनी अनवाणी फिरू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. चालताना छातीत दुखले, दरदरून घाम फुटला किंवा दम लागला, तर तेथेच थांबावे आणि विनाविलंब दवाखाना गाठावा. ‘गॅस असेल’ म्हणून घरी पडून राहू नये. गुडघा थोडा कुरकुरला म्हणून मात्र चालणे सोडू नका. मांडीचे स्नायू बळकट झाले, तर गुडघ्यावरचा भार हलका होतो.

पेन्शन महिन्याच्या महिन्याला खात्यात जमा होते. पायांतली ताकद मात्र रोजची रोज कमवावी लागते. उद्या सकाळी दोघांच्याही चपला दारात काढून ठेवा.