फुलांच्या जागी कलिंगडं

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खडखड आणि हायवेलगतची गोदामं आठवतात. पण हा तालुका एकेकाळी परदेशी तरुणाईच्या नकाशावरही होता! वज्रेश्वरीजवळचं गणेशपुरी भिवंडी तालुक्यातच येतं. तिथे गरम पाण्याची कुंडं, नित्यानंदबाबांचं स्थान आणि जवळच स्वामी मुक्तानंदांचा आश्रम. मुक्तानंद १९७० मध्ये पहिल्या जगदौऱ्यावर निघाले, तेव्हा त्यांना अमेरिकेत लोकांपुढे नेणाऱ्यांपैकी एक होते रामदास. समर्थ नव्हेत. हे मूळचे रिचर्ड अल्पर्ट, सायलोसायबिन या भ्रमकारी द्रव्याच्या प्रयोगांच्या वादात १९६३ साली हार्वर्डमधून काढले गेलेले मानसशास्त्राचे प्राध्यापक. पुढच्या दशकात गणेशपुरीच्या वाटेवर गोऱ्या साधकांची ये-जा चांगलीच वाढली.

ही पिढी जिथून निघाली, त्या अमेरिकेत एका गड्याने तिच्यातल्या दिखाऊपणाची रेवडी आधीच उडवून ठेवली होती. त्याच दमात तिच्या आई-बापांचीही! फ्रँक झॅपा आणि त्याचा बँड ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ यांचा तिसरा अल्बम ४ मार्च १९६८ रोजी बाजारात आला. नाव ‘वुई आर ओन्ली इन इट फॉर द मनी’. आम्ही आलोय ते फक्त पैशासाठी, असं कव्हरवरच जाहीर.

आणि ते कव्हर म्हणजे कमाल! १९६७ च्या उन्हाळ्यात बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम जगभर गाजत होता. त्याच्या कव्हरवर निळं आकाश, खाली फुलांत लिहिलेलं बँडचं नाव आणि मागे नामवंतांची गर्दी. झॅपाने हीच मांडणी उचलली आणि उलटी केली. आकाशात विजा कडाडतायत, फुलांच्या जागी भाज्या आणि कलिंगडं, बँडचे दांडगे गडी बायकांच्या पोशाखात. बीटल्सच्या मागची गर्दी बहुतेक पुठ्ठ्याची, पण झॅपाच्या फोटोत जिमी हेंड्रिक्स हाडामांसाचा उभा आहे. फोटो काढला जेरी शॅट्झबर्गने, कलाकाम कॅल शेंकेलचं.

परवानगीसाठी झॅपाने थेट बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीला फोन लावला. मॅकार्टनी म्हणाला, असल्या गोष्टी आमचे मॅनेजर बघतात. रेकॉर्ड कंपनी मात्र दाव्याच्या भीतीने हादरली होती. शेवटी कव्हरची आतली बाजू बाहेर आणि बाहेरची आत केली गेली. विडंबन घडीच्या आत लपलं, दुकानात दिसला तो नुसता बँडचा फोटो.

जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट. ‘सार्जंट पेपर’च्या गर्दीत परमहंस योगानंदांसह चार भारतीय योगी आहेत. महात्मा गांधीही असणार होते, पण भारतातल्या विक्रीवर परिणाम होईल या धास्तीने ईएमआय कंपनीने त्यांना काढायला लावलं. म्हणजे पैशाचा हिशेब तिथेही होताच!

आणि झॅपाच्या अल्बमच्या आत काय आहे? ‘हू नीड्स द पीस कोअर’ या गाण्यात चार दिवस सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन हिप्पी होऊन येणाऱ्या पोराची खिल्ली आहे. ‘फ्लॉवर पंक’मध्ये ‘हे जो’ या तेव्हाच्या लाडक्या गाण्याची मोडतोड आहे. झॅपा स्वतः अमली पदार्थांपासून लांब राहायचा, बँडलाही लांब ठेवायचा, म्हणून त्याचा टोमणा जास्त झोंबतो. मग बाण वळतो घराकडे. ‘मॉम अँड डॅड’मध्ये पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेल्या मुलांची कथा येते आणि स्वतःत मश्गूल आई-बापांना झॅपा जाब विचारतो. गाणं आलं १९६८ ला. केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या सैनिकांच्या गोळ्यांनी चार विद्यार्थी गेले ते मे १९७० मध्ये. हे गाणं ऐकताना हसू थांबतं. माझ्या मते अल्बमचा खरा कणा तेच आहे.

बाकीची गंमतही कमी नाही. मध्येच ऐकू येणाऱ्या बडबडीतला एक आवाज एरिक क्लॅप्टनचा आहे. शेवटचा तुकडा ऐकण्याआधी काफ्काची ‘इन द पीनल कॉलनी’ ही कथा वाचून या, अशी सूचना चक्क रेकॉर्डसोबत छापली होती. कंपनीने झॅपाला नीट न विचारता काही ओळी कापल्या, त्याचा राग त्याला आयुष्यभर राहिला. गंमत म्हणजे, १९८० च्या दशकात त्याने स्वतःच जुने ड्रम आणि बेस काढून नव्याने वाजवून घेतले, तेव्हा चाहते भडकले! मूळ ध्वनिमुद्रण सीडीवर परत आलं १९९५ ला, झॅपाच्या मृत्यूनंतर. ज्या अल्बमला कात्री लावली गेली, तोच २००५ च्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ठेवा म्हणून घेतला.

आपल्या मराठीत असं विडंबन कुणी केलं का? केलं, आणि झोकात केलं. १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांड्यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणला. दिग्दर्शक जब्बार पटेल. मूळ नाटक ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचं, बर्लिन, १९२८. त्याचंही मूळ जॉन गे यांच्या १७२८ च्या ‘बेगर्स ऑपेरा’त. दरोडेखोर, भिकाऱ्यांचा धंदा चालवणारा आणि पोलीस, सगळ्यांची गाठ पैशाशी. प्रतिष्ठित समाज आणि गुन्हेगारी जग, दोघांची सालं एकाच सुरीने काढलेली. संगीतात लावणी, पोवाडा, नाट्यसंगीत, भावगीत आणि शेजारीच जॅझ आणि पॉप!

यातला दरोडेखोर अंकुश म्हणजे नंदू भेंडे, मुंबईच्या रॉक बँडमधून आलेला गायक. अलेक पदमसींच्या १९७४ च्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये तोच ज्युडास होता. वडील आत्माराम भेंडे, आई आशा भेंडे, दोघंही मराठी रंगभूमीचे. आणि आईचे भाऊ कवी निसिम इझिकेल! ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ हे गाणंही त्याच्याच आवाजातलं. २०१४ मध्ये तो गेला. मराठी नाटकात रॉकचा गळा इतक्या ताठ मानेने आणणाऱ्या या माणसावर आपण फार कमी लिहिलं, याची मला खंत आहे.

झॅपाचा अल्बम चाळीस मिनिटांच्या आत संपतो. एका बैठकीत, मध्ये न थांबता ऐका. आणि घरात कुणी ‘तीन पैशाचा तमाशा’चा प्रयोग पाहिलेला असेल, तर त्यांच्याकडून आठवतील तेवढी गाणी आत्ताच म्हणवून घ्या आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.