एका पानाची वाट

सणासुदीला परगावचा मुलगा यायचा असला की आईचे कान दाराशी लागलेले असतात. पण केरळातल्या एका घरी पुढचे दार रात्रीदेखील उघडे राही आणि एका माणसापुरता भात नि केळीचे पान तयार असे. अशी किती वर्षे जावीत?

ते घर हिंदीचे प्राध्यापक टी. व्ही. ईच्चर वारियर यांचे. मुलगा राजन कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होता. आणीबाणी चालू होती. कायण्णाच्या पोलीस ठाण्यावर नक्षलवाद्यांनी नुकताच हल्ला केला होता. १ मार्च १९७६ रोजी सकाळी पोलिसांनी राजनला वसतिगृहातून उचलले. प्राचार्यांचे पत्र येताच वडील धावले. मुलाला कक्कयमच्या पोलीस छावणीत नेल्याचे कळले; पण ते तेथे गेले तेव्हा त्यांना आत कोण सोडतो!

मग सुरू झाली पायपीट. गृहमंत्री करुणाकरन यांची भेट झाली, दिल्लीपर्यंत अर्ज गेले. साधा माणूस अशा वेळी दुसरे काय करणार? घरी पत्नीला मात्र त्यांनी खरे सांगितले नाही. ते बरोबर केले की चूक, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मार्च १९७७ मध्ये आणीबाणी उठली आणि वारियर लगेच उच्च न्यायालयात गेले. अर्ज हेबियस कॉर्पसचा, म्हणजे ‘तुम्ही नेलेला माणूस आमच्यापुढे उभा करा’ एवढाच. राजनला पकडलेच नव्हते, असे सरकारने शपथेवर सांगितले. पण वसतिगृहातली माणसे बोलली, प्राचार्य बोलले, छावणीत त्याच्याबरोबर डांबलेलेही बोलले. १३ एप्रिलला न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे फेटाळले आणि राजनला हजर करण्याचा हुकूम दिला. हजर कोठून करणार? मार्चमध्येच मुख्यमंत्री झालेल्या करुणाकरन यांना एप्रिल सरायच्या आत पायउतार व्हावे लागले.

अखेर सरकारने कबूल केले, की पोलिसांच्या ताब्यात मारहाणीने राजनचा अंत झाला होता. तोही २ मार्च १९७६ रोजी, म्हणजे नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी! बाप वर्षभर ज्याच्या सुटकेसाठी उंबरे झिजवीत होता, तो मुलगा केव्हाच गेला होता.

देह कधीच मिळाला नाही. पोलीस अधिकाऱ्यांवरचा खटला कोईमतूरला चालला. पण देहच नाही म्हटल्यावर खुनाचा आरोप कोणावरही शाबीत झाला नाही. वारियर २००६ साली वारले, तोवर ते एकच विचारीत राहिले: त्याचे तुम्ही काय केलेत?

आई त्याआधीच, २००० साली गेली. तिचे मन केव्हाच ढळले होते. शेवटच्या दिवसांत तिने नवऱ्याच्या हातात एक लहानशी पुडी ठेवली. आत काही नाणी होती. राजन आला की त्याला द्यायची.