सहायक : बासू, मनोहारी, मारुती

माझं माहेर लालबागचं. लहानपणी मिरवणुकीत बँडवाल्यांच्या हातात एक वाकडं पितळी वाद्य दिसायचं. ते सॅक्सोफोन. अदोल्फ साक्स या बेल्जियमच्या कारागिराने ते बनवलं आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण तोंडाशी वेताची पातळ पट्टी. फुंकलं की ती थरथरते आणि सूर निघतो. आपल्या सनईलाही अशी पत्ती असतेच.

दुसरं वाद्य चेलो. व्हायोलिनचा थोरला भाऊच म्हणा. खुर्चीत बसून, गुडघ्यांमध्ये धरून, गजाने वाजवतात. आवाज भरदार, खालच्या पट्टीतला.

जॅझ नावाच्या अमेरिकी संगीतात असे दोघे-तिघे एकत्र बसतात. एकजण ठेका धरतो, दुसरा सूर छेडतो, तिसरा त्याला जागेवरच सुचेल तसं उत्तर देतो. लावणीतला सवाल-जबाब आठवा.

मुंबईत असं एक त्रिकूट होतं. ते जॅझचं नव्हतं, सिनेमाचं होतं. आर. डी. बर्मन यांच्या चित्रपटांत नावांच्या पाटीवर सहायक म्हणून तीन नावं यायची : बासू, मनोहारी, मारुती. बासू चक्रवर्ती चेलो वाजवत, कोलकात्याहून आलेले मनोहारी सिंग सॅक्सोफोन, आणि ठेक्याची बाजू मारुतीराव कीर सांभाळत. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये त्यांची कितीतरी गाणी मुद्रित झाली. त्या काळी गायक आणि वादक एकत्रच वाजवत. एकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून.

‘शोले’त (१९७५) गब्बर येतो तेव्हा अंगावर काटा आणणारा आवाज ऐकू येतो, तो बासूंचा चेलो. ‘गाइड’मधल्या (१९६५) ‘गाता रहे मेरा दिल’ गाण्यात मध्येच सॅक्सोफोन बोलतो, ती मनोहारींची फुंकर. पडद्यावर मात्र नट दिसतात, वाजवणारे नाहीत. १९७६ साली ‘सबसे बडा रुपैया’ला या दोघांचं नाव ‘बासू-मनोहारी’ असं संगीतकार म्हणून लागलं.

हे मी आज का सांगतेय? आपल्या पापडाच्या पाकिटावर गटाचं नाव असतं. पीठ कोणी मळलं, उन्हात कोण बसलं, पाकिटं कोणी भरली, हे कुठेच नसतं. मग पैसे वाटताना जी जास्त बोलते तिचंच काम मोठं ठरतं आणि गप्प राबणारी मागे पडते.

म्हणून पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करा. मोबाइलवर ते गाणं लावा, डोळे मिटा आणि सॅक्सोफोन कुठे येतो ते ओळखा. मग इतिवृत्ताच्या वहीत एक नवं पान काढा : तारीख, काम, किती तास, आणि करणारीचं पूर्ण नाव. सही तिची तिनेच करायची.