गोलंदाज वैमानिक आणि त्यांच्या नोंदवह्या

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतील लष्करी कागद आतां संग्राहकांच्या विषयांत मोडूं लागले आहेत. पेशवेकालीन रोजकीर्द आपण ज्या काळजीनें वाचतों त्याच काळजीनें हे कागदही वाचले पाहिजेत. इंग्रजी छापील रकाने पाहून ‘यांत न समजण्यासारखें काय आहे?’ असा भ्रम सहज होतो. त्यांपैकीं एका प्रकाराचा, म्हणजे तोफखान्यांतील वैमानिक अधिकाऱ्यांच्या नोंदवह्यांचा, उलगडा प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

अडचण अशी कीं, ब्रिटिश हवाई दलाच्या ६५१ ते ६६६ या क्रमांकांच्या स्क्वॉड्रनांत दोन दलांचीं माणसें एकत्र नांदत होतीं. हजेरीपटावर कॅप्टन, बंबार्डियर, गनर हीं तोफखान्याचीं पदें दिसतात, आणि त्यांच्याच खालीं एअरक्राफ्ट्समन हें हवाई दलाचें पद येतें. प्रमुख पाहावा तर तो मेजर. स्क्वॉड्रन लीडर नव्हे. वैमानिकाची वही हवाई दलाच्या छापील नमुन्याची, आणि आंत नांव मात्र लष्करी कॅप्टनाचें. अशी वही बनावट ठरवून बाजूस टाकण्याचा मोह होईल. तो आवरावा. विमानें व तीं दुरुस्त करणारे कारागीर हवाई दलाचे आणि उडविणारा अधिकारी तोफखान्याचा, हीच या स्क्वॉड्रनांची मूळ घडण होती.

ही घडण कां पडली हें कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. पहिल्या महायुद्धांत तोफांचा मारा वरून पाहण्याचें काम वैमानिक करीत. परंतु त्यांचें काम सांगण्यापुरतें होतें. लक्ष्य मध्यबिंदु मानून त्याभोंवतीं घड्याळाची तबकडी कल्पावयाची व बाराचा आंकडा उत्तरेस धरावयाचा. अंतरासाठीं वर्तुळें: वाय म्हणजे १० यार्ड, झेड २५, ए ५०, बी १००, सी २००, डी ३००, ई ४०० आणि एफ ५००. ‘सी ४’ असा संदेश बिनतारी यंत्रानें आला कीं, गोळा लक्ष्यापासून सुमारें २०० यार्डांवर, चाराच्या आंकड्याच्या दिशेस पडला असें समजावयाचें. त्या काळच्या टिपणांत असे अक्षर-अंक आढळल्यास ते नकाशाचे चौकोन समजूं नयेत. तोफ किती फिरवावयाची हें मात्र खालचा अधिकारी ठरवी, आणि वरच्यास कांहीं कळवावयाचें तर जमिनीवर कापडाचे पट्टे अंथरीत.

कॅप्टन चार्लस बेझली या तोफखान्याच्या अधिकाऱ्याचा आग्रह असा कीं, डोळा आणि आज्ञा यांची ही फारकत मोडावी. तोफखान्याच्या अधिकाऱ्यांचा एक उड्डाण-मंडळ १९३४ सालापासून होताच. बेझलीच्या हाताखालीं ‘डी फ्लाइट’ ही प्रायोगिक तुकडी १ फेब्रुवारी १९४० रोजीं ओल्ड सारम येथें उभी राहिली. नि:शस्त्र, संथ विमान शत्रूच्या लढाऊ विमानापुढें कसें टिकेल, आणि गोलंदाजानें विमान कां चालवावें, हे हवाई दलाचे आक्षेप होते. दुसरा आक्षेप बराचसा मानापमानाचा होता असें आमचें मत आहे. पहिला मात्र खरा होता. त्यावर उत्तर उड्डाणाच्या रीतींतच सांपडलें. वैमानिक सामान्यतः हजार फुटांच्या आंत, आपल्याच सैन्याच्या बाजूस राहून उडे. शत्रूचें विमान आलें कीं झाडांच्या उंचीवर उतरून तीव्र वळणें घेई. वेगवान विमानास इतक्या संथ लक्ष्यावर नेम धरतां येत नसे. १ ऑगस्ट १९४१ रोजीं ६५१ क्रमांकाचें स्क्वॉड्रन स्थापन झालें.

शिक्षणाचा क्रम येथें ध्यानांत घ्यावा. वैमानिकास तोफांची विद्या शिकविली नाहीं. तयार गोलंदाजास उडावयास शिकविलें. प्रथम टायगर मॉथ या दुपंखी विमानावर प्राथमिक शिक्षण, मग ऑस्टरसारख्या हलक्या विमानावर आंखूड शेतांत उतरणें व मारा चालविणें. तो स्वतः बिनतारी यंत्रावर बोलून बॅटरीस आज्ञा देई. एक गोळा लक्ष्याच्या अलीकडे, एक पलीकडे पाडावयाचा; मग तें अंतर अर्धें, पुन्हां अर्धें करीत लक्ष्य गांठावयाचें. कौटिल्यानें निसृष्टार्थ, परिमितार्थ आणि शासनहर असे दूतांचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिल्या महायुद्धांतील वैमानिक शासनहर, निरोपापुरता. हा नवा अधिकारी मात्र निसृष्टार्थ. अशा उपमा एरवीं ताणूं नयेत, पण ही नेमकी बसते.

ही गोष्ट आपणांस परकी नाहीं. ६५६ क्रमांकाचें स्क्वॉड्रन मेजर डेनिस कॉइल यांच्या नेतृत्वाखालीं १९४३ च्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांत आलें, नाशकाजवळ देवळालीस राहिलें, आणि पुढें ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चौदाव्या सैन्याबरोबर लढलें. देवळाली हें तोफखान्याच्या शिक्षणाचें ठाणें असल्यानें या भागांत अशा कागदांवर विशेष नजर ठेवावी. युद्धाच्या अखेरीस आलेल्या ६५९ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनाचा वारसा १९४७ च्या ऑगस्टांत भारतीय सैन्याकडे आला. त्यानंतरही हीं विमानें तोफखान्याचेच अधिकारी उडवीत. स्वतंत्र आर्मी एव्हिएशन कोअर १ नोव्हेंबर १९८६ रोजीं झाली. ऑस्टरच्या जागीं आलेल्या देशी विमानाचें नांव ‘कृषक’. तोफा चालविणाऱ्यांच्या वाहनास शेतकऱ्याचें नांव कोणीं दिलें न कळे, परंतु शेतांत उतरणाऱ्या विमानास तें शोभतें.

आतां वहीकडे वळूं. डावीकडे तारीख, विमानाचा प्रकार व क्रमांक, पुढें चालकाचें नांव, सोबत्याचें नांव, कामगिरी, उजवीकडे वेळ. वेळेच्या रकान्यांतील १.१० म्हणजे एक तास दहा मिनिटें, दशांश नव्हे. कामगिरीखालीं ‘शूट’ असा शब्द वारंवार येतो. त्यावरून विमानांतून गोळ्या झाडल्या असा अर्थ करूं नये. विमानावर शस्त्रच नव्हतें. तो शब्द जमिनीवरील तोफांचा मारा चालविल्याचा आहे. लक्ष्य कोणतें होतें व काय साधलें हें या वहींत क्वचितच मिळतें. त्यासाठीं स्क्वॉड्रनाचें दप्तर लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारांत हवाई दलाच्या ‘एअर २७’ या संग्रहांत पाहावें. ज्या रेजिमेंटच्या तोफा त्या दिवशीं बोलल्या तिची युद्ध-दैनंदिनी मात्र, ब्रह्मदेशच्या मोहिमेपुरती, त्याच इमारतींत पण लष्कराच्या ‘डब्ल्यू. ओ. १७२’ या निराळ्या संग्रहांत ठेवलेली आहे.