शीड कुणी विणलं?

डेन्मार्कमध्ये ऑर्हुस शहराजवळ, मोसगोरच्या समुद्रकिनारी उन्हाळ्यात व्हायकिंग मेळा भरतो. तिथे आम्ही उघड्यावर, चुलीशेजारी जेवलो. जवाची भाकरी, मासा, कांदा, कोबी. बटाटा-टोमॅटो नाही, कारण व्हायकिंगांचा काळ आठव्या ते अकराव्या शतकाचा आणि या भाज्या अमेरिकेतून युरोपात आल्या १४९२ नंतर. आपली मिरचीसुद्धा तिकडचीच, पोर्तुगीजांबरोबर आलेली.

जेवणानंतर एक बाई टकळीवर लोकर कातताना दिसली. टकळीला मातीची चकती असते. तिच्या वजनाने टकळी फिरत राहते आणि धाग्याला पीळ बसतो. व्हायकिंग जहाजांची शिडं बहुधा अशाच हातानं कातलेल्या लोकरीची असत. आधी कातायचं, मग मागावर विणायचं. जहाज बांधण्यापेक्षा शिडालाच जास्त दिवस लागत, आणि ते काम मुख्यतः बायकांचं. नाव मात्र दर्यावर्दींचं झालं.

तुमच्या घरात आजीनं शिवलेली गोधडी असेल, तर तिला किती दिवस लागले ते आजच विचारा. आणि आजीच्या नावासकट लिहून ठेवा.