पाणवेल : फूल छान, कारभार वाईट

पुलावरून गोदामाई हिरवीगार दिसली की पाहुणे म्हणतात, वा, काय देखावा! ती हिरवळ म्हणजे पाणवेल. मूळची दक्षिण अमेरिकेतली. जांभळ्या फुलांच्या हौसेपायी माणसानेच तिला जगभर नेलं.

तिचं गणित आपल्या मंडळींना आवडेल. अनुकूल पाण्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणजे डोह आज अर्धा झाकलेला दिसला, तर उरलेला अर्धा झाकायला पंधरवडाच पुरे! यंत्राने काढली तरी एखादा तुकडा राहिला की पुन्हा सुरुवात, शिवाय बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. तिला खायला कोण घालतं? सांडपाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस, म्हणजे आपलीच मोरी.

वाहत वाहत ती निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला अडते. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ, २०२० साली जाहीर झालेलं. कमळपक्षी तिच्यावरून ऐटीत चालतो, हे खरं. पण बदकांना उघडं पाणी लागतं, आणि दाट थराखाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात.

सफाई मोहिमेला जरूर जा, पण काढलेला ढीग काठावर सोडू नका, पुरात तो परत नदीतच जातो. पक्षी बघायला जाल तेव्हा पाणवेलीचाही फोटो जागा-तारखेसकट ‘आयनॅचरलिस्ट’वर टाका, दर महिन्याला त्याच ठिकाणाहून. थर कुठे सुरू होतो ते कळलं की तिथे मिळणारा नाला शोधायचा. काठावरच्या शाळेतल्या पोरांना सोबत घ्या. नाले त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.