‘हॅझबिन हॉटेल’चा दुसरा सीझन: गाणी दमदार, मग गोष्ट कुठे अडते?

पवनीसह झाडीपट्टीतलं नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगतं. गाण्यांनंतरही प्रसंगाला वेळ उरतो. ‘हॅझबिन हॉटेल’ या प्रौढांसाठीच्या अ‍ॅनिमेटेड संगीत मालिकेच्या दुसऱ्या सीझनला नेमका हाच वेळ कमी पडतो.

गोष्ट काय? नरकाची राजकन्या चार्ली पापी जिवांना सुधारण्यासाठी हॉटेल चालवते. पहिल्या सीझनअखेर सर पेन्शियस स्वर्गात पोहोचला, म्हणजे तिची कल्पना खरी ठरली.

अडतं कुठे? प्राइम व्हिडिओवर २९ ऑक्टोबर ते १९ नोव्हेंबर २०२५ दरम्यान आलेले ८ भाग जेमतेम अर्ध्या तासाचे. त्यात खलनायक व्हॉक्सचा सत्तेचा डाव भाव खाऊन जातो. पण हॉटेलात राहून पापी बदलतो कसा, हे फारसं दिसत नाही. मालिकेचा मूळ प्रश्न तर तोच होता.